कोपरावाडीच्या तलावाविषयी

अहमदपूर

आदरणीय भुजंगराव साहेब यांना सादर प्रणाम.

वडीलधाऱ्यांना न विचारता मंत्रिमहोदयांना पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. मी आडत बाजारातील सिद्रामप्पांची धाकटी मुलगी, शिवकांता. घरी सर्व क्षेम. दुष्काळाने बाजार थंड आहे, त्यामुळे अप्पा पूर्ण वेळ आपल्या सत्काराच्या तयारीत असतात.

गेल्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आले, म्हणून आपले मानपत्र लिहून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी लातूरच्या ग्रंथालयात बसून विधानसभेतील आपली भाषणे वाचली. अध्यक्षांनी आपणांस खाली बसण्यास सांगितले, तेव्हा आपण म्हणालात, "बसतो. माझ्या मतदारसंघातल्या बाया मात्र विहिरीवर उभ्याच आहेत." हे वाचून माझा ऊर भरून आला.

प्रत्येक अधिवेशनानंतर आपण आमच्या आडतीसमोर भरवीत असलेली सभा मला आठवते. लोक पोत्यांवर बसलेले, आपण उत्तरे द्यायला उभे, अप्पा अध्यक्ष. पार्वतम्मा मावशी अप्पांना "दाजी" म्हणून बोलू लागली, तर आपण तिला "अध्यक्ष महोदय" म्हणायला लावलेत. ती म्हणाली, "ह्यो अध्यक्ष घरी पाण्याचा तांब्याबी हातानं घेत न्हाई." सगळा बाजार हसला, सर्वांत मोठ्याने आपण. मग तिच्या कोपरावाडीच्या तलावाचा प्रश्न आपण टिपून घेतलात आणि पुढे दर अधिवेशनात मांडलात. मी पोत्यांच्या मागे उभी असे. तोंड उघडण्याचे धैर्य कधी झाले नाही.

आपण मंत्री झालात त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. त्यानंतर सभा भरली नाही, आणि विधानसभेच्या कामकाजात कोपरावाडीचे नावही आढळत नाही. मंत्र्यांनी उत्तरे द्यायची असतात, प्रश्न विचारायचे नसतात, हे मी जाणते. तलावाचे कागद उस्मानाबादहून नव्या लातूर जिल्ह्याकडे आले, एवढेच कळते. गावात टँकर चार दिवसांआड येतो, म्हणून मावशी आमच्याकडे राहायला आली आहे. तिला मी मंत्र्यांचा नियम समजावून सांगितला. ती म्हणाली, "साहेब मंत्री झाले, लई चांगलं झालं. पर आता आमचं कोन विचारणार, बाई?"

मानपत्र तयार आहे. त्यातील प्रत्येक शब्द खरा आहे आणि तो मी मनापासून वाचीन. मात्र वाचून लगेच खाली बसणार नाही. सभेसाठी आपणच नियम केला होता की, प्रश्न अवघड असल्यास पंधरा दिवस आधी कळवावा, म्हणजे उत्तर अर्धवट राहणार नाही. त्या नियमानुसार ही सूचना देत आहे. २८ मे रोजी मानपत्रानंतर मी विचारीन : कोपरावाडीच्या तलावाचे काम केव्हा सुरू होणार? होणार नसेल, तर का?

अप्पांना हे सांगितलेले नाही. ते रागावतील, आणि माझा आवाज थरथरेल. तरीही आपण उभे राहून उत्तर द्याल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आपली नम्र,
शिवकांता

अहमदपूर टपाल कार्यालयातून रजिस्टरने रवाना, सोमवार, दि. १२ मे १९८६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.