रूपरावांची संयुक्त कमांड

छावणी, ता. ४ नोव्हेंबर

ती. बाबांना रजतचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कान दाखवायला तुम्ही सेवाग्रामला जात नाही, म्हणून हे पत्र.

मोठ्या समितीनं फौजेचा आढावा घेतला. आता भूदल, नौदल, हवाई दल यांची इथली वेगवेगळी मुख्यालयं मोडून तिघांवर एकच कमांडर बसणार. लढाईत हुकूम एकाचाच असावा, हे मलाही पटतं. पण त्यात आमची शाखा बंद झाली. अकरा वर्षं ज्या टेबलाचा मी सुभेदार, ते टेबल नव्या तक्त्यात नाहीच! मला म्हणतात, समुद्रकिनाऱ्यावरच्या नव्या मुख्यालयात जा आणि नौदलाच्या साहेबाच्या हाताखाली त्यांची पद्धत शिक. या वयात पुन्हा रंगरूट व्हायचं? मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय, महिनाअखेर देतो. वर्षाली म्हणाली, अहो, घाई करू नका. बायकोचं ऐकतो कोण! घरी येतो आणि वांगी लावतो. आईला सांगा.

तुमच्या पायांशी येऊ पाहणारा,
रजत

हिंगणघाट तालुका, ता. ११ नोव्हेंबर

चि. रजतले रूपरावचे पोटभर आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. तुह्या आईनं तीनदा वाचून दाखोलं, अन् तिन्ही वेळा तू घरी येतं इथंच थांबली. मलेही लय बरं वाटलं, खोटं कायले सांगू. तुह्या खोलीले चुना मारून राह्यलो.

पण बाप्पा, थो एका कमांडरचा कारभार माह्या डोक्यात बसला. आम्ही तिघं भाऊ, मी, बंडू अन् तानबा. वावरं लागून, पण बाजारात दुकानं तीन. तिघंही वांगेच आणतो अन् एकमेकाचाच भाव पाडतो. दोघाले बोलावून सांगतलं, फौजेले जमते तं आपल्याले काऊन नाई? पुढच्या हंगामात एकानं वांगे, एकानं टमाटे, एकानं मेथी-सांबार, तुमच्या छावणीतली कोथिंबीर, लावाचा. दुकान आतापासूनच एक, अन् कमांडर मी. तानबा तं सलाम ठोकून गेला.

वाट पाहून राह्यलेला तुहा बाप,
रूपराव

ता. २२ नोव्हेंबर

चि. रजतले आशीर्वाद.

तुयं उत्तर यायच्या आधीच लिहून राह्यलो, कारण तुहा महिना सरत आला.

पहिल्याच बाजारात आमची फजिती झाली. गाडी एक, दुकान झकास मांडलं, गिऱ्हाईक उभं राह्यलं अन् पाहतो तं तराजू नाई. मले वाटलं बंडूनं घेतला, बंडूले वाटलं तानबानं, अन् तानबा म्हणे मले हुकूम नवता. तीस वर्षं तिघाचे तीन तराजू, अन् त्या दिवशी तिन्ही घरी! मी तिथंच दोघाले शिव्या देत बसलो. तवा बंडूच्या बायकोनं, धुरपतानं, पदर खोचला, गोणपाटावर मालाचे वाटे लावले अन् दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या केल्या. घरी आल्यावर तानबा म्हणे, कमांडर धुरपता वयनीच पायजे. बंडूनं मान डोलावली. तुह्या आईनंही डोलावली, घरचीच माणसं उलटली म्हण.

मी रुसलो. जेवण सोडलं नाई, बोलणं सोडलं. दुसऱ्या बाजारी धुरपता दारात येऊन म्हणे, भाऊजी, मले विकता येते, पण कोणतं वांगं कवा तोडावं थे तुमच्याबिगर कोणाले समजते? चला. मंग गेलो. तिच्या हाताखाली बसलो. पहिला तासभर मान वर केली नाई, मंग कामात इसरून गेलो. तिचं दुकान माह्यापेक्षा बरं चालते, हे लिहाले जीवावर येते पण खरं हाय.

म्हणून तुले सांगतो. तू यावं असं मले किती वाटते, तुले ठाऊक नाई. दर दिवाळीले तू येणार नाई हे माहीत असूनही मी पान खाऊन येतो म्हणून सांगतो अन् हिंगणघाटच्या स्टँडवर जाऊन उभा राह्यतो. पण रुसून आलेलं माणूस घरात येऊनही येत नाई, थे मी आता पाह्यलं. दोन वर्षं राह्यलीत ना तुह्या नोकरीची? थे पुरे कर अन् मन भरून येजो. मी थांबतो.

आईले हे पत्र दाखोलं नाई.

तुहा हट्टी बाप,
रूपराव

नवं मुख्यालय, ता. ९ डिसेंबर

ती. बाबांना रजतचा सा. न. वि. वि.

अर्ज फाडला. वर्षालीची माफी मागितली, तर तिनं ती दोनदा मागायला लावली. साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. त्यांची पद्धत मी शिकतोय, आणि फौजेचा कागद कसा चालतो ते रोज तासभर मला विचारून घेतात. काम आवडतंय. धुरपता काकूंना माझा कडक सलाम सांगा.

आता एक कबुली. मी रुसलो होतो हे खरं, पण अर्धाच. तुम्ही स्टँडवर उभे राहता, हे आईनं मला आठ वर्षांपूर्वीच कळवलंय. ती पानाचं काही बोलत नाही, तुम्ही परत येईपर्यंत जेवत मात्र नाही. त्या अर्जावर निम्मी सही तुमच्या त्या वाट पाहण्याची होती.

संक्रांतीला बारा दिवसांची सुट्टी मंजूर झालीय. तेरा जानेवारीला, सकाळी साडेअकराच्या एसटीनं येतो. या वेळी आईला काही निमित्त सांगू नका, तिलाही सोबत घेऊन या.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमचाच,
रजत