ढब्बूची सुई आणि ऐंशीची बाटली

॥ श्री ॥
शनिवार पेठ, कोल्हापूर
८ जानेवारी १९७९

चि. वसंतास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेसरीत थंडी फार आहे आणि पोरं खोकतायत हे कळलं. त्यांना आडुळशाचा काढा दे. मी ठणठणीत आहे, पण राग इतका आलाय की लिहिताना पेनाची निब दोनदा कागदात रुतली.

कारण आपला ढब्बू. सहा किलोचा बोका, दिवाळीपासून नुसता सापळा झालाय. खातो दुप्पट आणि वाळतो चौपट. दिवसभर मोरीत घंगाळापाशी बसून पाणी पितो. परवा त्याने मोरीच्या कोपऱ्यात केलं तिथे मुंग्यांची रांग लागली. मला कुणी सांगायला नको. तुझ्या दाजींचा मधुमेह अकरा वर्षं मीच सांभाळला. ते हृदयविकाराने गेले, पण साखरेने त्यांना मी जाऊ दिलं नाही. त्यांची इन्शुलिनची काचेची पिचकारी अजून फडताळात आहे. लघवीतली साखर बघायचं निळं औषध नवं आणलं, पाटीत धुतलेले खडे ठेवून ढब्बूची लघवी धरली आणि नळीत उकळली. विटेसारखी लाल झाली; साखर नसती तर निळीच राहिली असती.

टोपलीत घालून त्याला इथल्या एका गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. पुढे दोन म्हशी आणि टांग्याचं घोडं. दीड तासाने नंबर आला. सगळं सांगितलं तर तो माणूस हसला, वसंता. आतून कंपाउंडरला बोलावून त्यालाही हसवलं. म्हणाला, बाई, आता मांजराला बिनसाखरेचा चहा पाजा. मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. दुसऱ्याच्या दुखण्याला हसणारं पोर मी वर्गात बसू दिलं नाही. हा तर शिकूनसवरून डॉक्टर झालाय.

तूही गुरांचाच डॉक्टर. इन्शुलिन किती द्यायचं तेवढं कळव, आणि सोबत चिठ्ठी पाठव. उशीर करू नकोस.

तुझी,
अक्का

नेसरी
१३ जानेवारी १९७९

ती. अक्का हिच्या चरणी वसंताचा साष्टांग नमस्कार. विशेष.

पत्र वाचून मीही हसलो, हे आधी कबूल करतो, म्हणजे एकदाच काय ते बोलून घे. चौदा वर्षांच्या नोकरीत म्हशीची कास, बैलाचा खूर आणि कोंबड्यांची मर एवढंच बघितलं. आमचा शिपाई केरबा म्हणाला, सायेब, कोल्हापूरच्या मांजरास्नी बी मानसाचं रोग व्हत्यात की, तिथली हवाच श्रीमंत हाय.

पण कॉलेजचं जुनं पुस्तक काढून बघितलं. मांजराच्या मधुमेहावर अर्धं पान आहे, आणि तू लिहिलंस तेच सगळं त्यात आहे. तेव्हा निदान तुझं बरोबर. चिठ्ठी सोबत आहे. चाळीस ताकदीचं इन्शुलिन, दाजींच्या पिचकारीवरची फक्त एक रेघ, म्हणजे दोन युनिट. सकाळी आधी खायला घालायचं, मग मानेमागची सैल कातडी उचलून टोचायचं. जेवला नाही तर सुई नाही. तो झिंगल्यासारखा चालू लागला, थरथरला, तर साखर फार उतरली असं समज आणि ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळ. घशात ओतू नकोस, ठसका लागेल.

आता भाऊ म्हणून लिहितो. तो बारा वर्षांचा झाला. तू अठ्ठावन्नची. रोज सुई, रोज नळी उकळणं, हे किती दिवस? इन्शुलिन माणसांनाही वेळेवर मिळत नाही. त्याला सुखाने जाऊ द्यावं असं मला वाटतं. राग मानू नकोस.

तुझाच,
वसंत

कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९७९

चि. वसंतास आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

राग मानू नकोस असं लिहून मग राग येण्यासारखंच लिहायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. सुखाने जाऊ द्यावं म्हणे. तहानेने जीव सुकून मरणं यात सुख कुठलं, ते तुझ्या पुस्तकाच्या उरलेल्या अर्ध्या पानावर असेल तर कळव.

चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. पेशंटचं नाव वाचून त्याने ते दुकानभर ऐकवलं. ढब्बू, बोका, वय बारा. चार गिऱ्हाइकं हसली. मी पैसे फळीवर ठेवले आणि बाटली हातात पडेपर्यंत हलले नाही.

हसली नाही ती एकटी मेहरुन्निसा. आमच्या शेजारी इमामभाऊ राहतात, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्यांची बायको. इमामभाऊंनाही मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ सुई. ती टोचायला मेहरुन्निसा माझ्याकडूनच शिकली. आता रोज सकाळी ती येऊन ढब्बूला मांडीवर धरते आणि मी टोचते. तो आधी गुरगुरायचा, आता नुसते कान मागे करतो. इमामभाऊ दारातून मला विचारतात, आज आमच्या जोडीदाराचा रंग कसा? त्यांच्यावर मी रागावत नाही, कारण ते खरंच विचारतात.

रंग विटकरीवरून पिवळा झाला, आणि गेला आठवडा हिरवा आहे. वजन पाव किलो वाढलं. काल भिंतीवर चढून पलीकडच्या चिमणाबाईंचा वाळत घातलेला बांगडा पळवला. त्या भांडायला आल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भांडण हसत ऐकून घेतलं.

पोरांना गोड पापे. तुला नाहीत.

अक्का

कोल्हापूर
९ मार्च १९७९

चि. वसंतास आशीर्वाद. वि. वि.

बोटाला पट्टी आहे, अक्षर लावून वाच.

परवा इन्शुलिन संपत आलं म्हणून मी आणि मेहरुन्निसा बरोबरच त्या दुकानात गेलो. तिने इमामभाऊंची बाटली घेतली, मी ढब्बूची. काल सकाळी ती दोघं त्यांच्या लेकीकडे, लालबीकडे, कबनूरला दोन दिवसांसाठी गेली. मी ढब्बूला एकटीनेच धरलं, नवी बाटली फोडली आणि नेहमीची एक रेघ दिली. अकराच्या सुमाराला तो स्वयंपाकघरात येताना आडवा पडला. उठला, परत पडला. मागचे पाय ओढत होता, मग सगळं अंग झटके देऊ लागलं. तू लिहिलेलं आठवलं. बोटाने ग्लुकोज हिरड्यांना चोळत राहिले. बोट दोनदा चावलं गेलं. पाऊण तासाने त्याने डोळे माझ्याकडे लावले आणि दूध चाटलं.

तो निजल्यावर मी बाटली उजेडात नेली. कंपनी तीच, खोका तसाच, पण ताकदीचा आकडा ऐंशीचा होता. चाळीसची संपली म्हणून दुकानदाराने ऐंशीची दिली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. एका रेघेत दोनाऐवजी चार युनिट गेले.

आणि मग दुसरी बाटली आठवली. इमामभाऊंची बाटली त्याच फळीवरून, त्याच हाताने दिलेली. ते बारा रेघा घेतात. जुनी बाटली काल सकाळच्या सुईला संपणार होती. संध्याकाळची सुई नव्या बाटलीतून.

तार करायला लालबीचा पत्ता नव्हता. यंत्रमागाच्या कारखान्यामागे घर, एवढंच ऐकलेलं. ढब्बूला घटकेघटकेला ग्लुकोज लागत होतं, त्याला टाकून जाता येईना. टोपलीत घातला आणि कबनूरवरून जाणारी इचलकरंजीची गाडी धरली. कंडक्टर म्हणाला, मावशी, जनावर गाडीत चालत न्हाय. मी त्याला सांगितलं की मी पोचले नाही तर याच एस.टी.त तीस वर्षं गाडी हाकलेला माणूस संध्याकाळी मरेल, हे ऐकूनही उतरवायचं तर उतरव. त्याने स्वतः उठून मला खिडकीची जागा दिली.

कबनूरला उतरल्यावर सगळीकडे मागांचा खडखडाट. विचारलेलं कुणाला ऐकू जाईना. तीन कारखान्यांच्या मागे हिंडले, चौथ्यामागे घर सापडलं. साडेपाच वाजले होते. इमामभाऊ बाही वर करून बसलेले, आणि मेहरुन्निसाच्या हातात भरलेली पिचकारी.

"मेहरुन्निसा, खाली ठेव ते," मी दारातूनच म्हटलं.

तिने का म्हणून विचारलं नाही. ठेवली. मग आम्ही तिघांनी बाटली बघितली. आकडा ऐंशीचाच होता.

आज सकाळी कबनूरहून आल्या आल्या दुकानात गेले. दोन्ही बाटल्या फळीवर ठेवल्या. आधी माझी पुढे केली. दुकानदाराने ती बघितली आणि म्हणाला, "बाई, मांजरालाच द्यायचं होतं न्हवं? एवढं काय त्यात?"

मग मी दुसरी पुढे केली आणि सांगितलं, ही माणसाची. त्याचा चेहरा पडला. मी दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दोन्ही आकडे वाचून दाखवले. हंबीरराव म्हणून एक पैलवानी गृहस्थ होते, त्यांनी आपल्या आईसाठी घेतलेली बाटली खिशातून काढली. तीही ऐंशीची.

मी औषध निरीक्षकांकडे तक्रार देणार आहे. कशी लिहायची ते परतीच्या टपालाने कळव.

अक्का

नेसरी
१४ मार्च १९७९

ती. अक्का, साष्टांग नमस्कार.

पत्र मी दवाखान्यात दोनदा वाचलं. जाऊ द्यावं असं मी लिहिलं होतं. तुझं मांजर गेलं असतं तर म्हातारं होतं म्हणून सगळे गप्प बसलो असतो, बाटली कुणी बघितली नसती आणि त्या संध्याकाळी इमामभाऊ गेले असते. माझे शब्द परत घेतो.

तक्रारीचं मात्र ऐक. कचेरीत मांजराचं नाव वाचलं की कागद बाजूला पडतो, हे मी सरकारी नोकर म्हणून सांगतो. तक्रार इमामभाऊंच्या नावाने कर. ढब्बूचा उल्लेख नको. आणि आता सुई देऊ नकोस, आधी चार दिवस नळीतला रंग बघ.

तुझा,
वसंत

कोल्हापूर
२२ एप्रिल १९७९

चि. वसंतास अक्काचे मनापासून आशीर्वाद. वि. वि.

आधी चांगली बातमी. चार दिवसांचे चाळीस झाले, ढब्बूला सुई दिलेली नाही आणि नळी निळीच राहते. पाणी बेताचं पितो. हे कसं झालं ते तुझ्या पुस्तकात नसेल, तर समासात लिहून ठेव.

तक्रार मी तुझ्या सांगण्याप्रमाणे केली नाही. झालं ते ढब्बूला झालं, तर नाव त्याचंच आधी आलं पाहिजे. इमामभाऊंनी खाली सही केली, हंबीररावांनीही केली. तुझ्या अंदाजाप्रमाणे कागद तीन आठवडे पडून राहिला. मग मी रोज दहा वाजता जाऊन कचेरीच्या बाकावर बसू लागले. सहाव्या दिवशी निरीक्षक माझ्यासोबत दुकानात आले. चाळीस आणि ऐंशी, दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात मिसळलेल्या निघाल्या. दुकानदाराला नोटीस झाली. त्याने इमामभाऊंच्या घरी येऊन हात जोडले. माझ्याकडे आला नाही, आणि मला ते नकोही होतं.

आता जे तुलाच लिहिते ते ऐक. तक्रार लिहायला बसले तेव्हा पहिली दोन पानं रागाने भराभर झाली. तिसऱ्या पानावर हात थांबला. तुझ्या दाजींना अकरा वर्षं सुई दिली. रोज, एकही दिवस न चुकता, बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचून. ते चेष्टा करायचे, की आज तरी बदललाय का गं. ढब्बूची नवी बाटली मात्र मी न वाचता फोडली. डोळे चांगले आहेत. आकडा ठळक होता. मांजरालाच द्यायचं होतं, असं म्हणाला म्हणून त्या दुकानदाराला मी चारचौघांत उभा जाळला. पण तेच वाक्य माझ्याही मनात कुठेतरी असल्याशिवाय मी न वाचता टोचलं नसतं.

ते मी तिसऱ्या पानावर तसंच लिहिलं. निरीक्षक वाचून म्हणाले, बाई, हे वाक्य खोडा, याने तुमचीच तक्रार लंगडी होते. मी त्यांना सांगितलं की लंगडी झाली तरी चालेल, खोटी नको. त्यांनी चष्मा पुसला आणि तो कागद तसाच फायलीला लावला.

मे महिन्यात सगळ्यांना घेऊन ये. लोभ आहेच, तो माझ्या जिभेकडे न बघता ठेवावा.

तुझी,
अक्का