नावामागची स्पेस

मंगळवार, १४ ऑक्टोबर. नोव्हाय, मिशिगन.

इथल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं आमंत्रण आज पुन्हा माझ्या नावाशेजारी 'सौ. सुनंदा' लिहून आलं. बायकोला जाऊन सात महिने झाले. हे तिसरं पत्र. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीला, केदारला, फोन केला.

"काका, मी डिलीट केलं होतं, शप्पथ. एरर पण नाही आली!"

एरर येईल कशी? नाव जुळलं नाही तर संगणक फक्त 'शून्य ओळी खोडल्या' एवढंच सांगतो; पण ते तरी वाचायचं की नाही?

सभासदांची यादी मागवून घेतली. सगळी नावं सुनंदानंच टाइप केलेली, आणि प्रत्येक नावामागे, शेवटच्या अक्षरानंतर, एक रिकामी स्पेस. अंगठ्याची सवय. किती चिडायचो मी! "अगं, डेटाबेसला स्पेस म्हणजेसुद्धा अक्षरच." तर म्हणायची, "दिसत नाही ना? मग असू दे."

त्या एका स्पेसमुळे केदारचं 'सुनंदा' तिच्या 'सुनंदा'शी जुळत नव्हतं. मी मागची जागा छाटून नाव जुळवलं आणि ते खोडायची क्वेरी चालवली. एक ओळ गेली. पुढचं आमंत्रण माझ्या एकट्याच्या नावानं येईल. तक्रार मीच केली होती ना?

"काका, बाकीच्यांच्या स्पेस पण काढून टाका ना," केदार म्हणाला.

नाही काढल्या. दिसत नाहीत ना? मग असू देत.