शीर डावीकडे गेली आहे

मी, खाली सही करणारी, आमच्या तांबे-शिसे-चांदीच्या लहानशा खाणीची निवृत्त भूवैज्ञानिक, वय एकोणसत्तर, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. रागाच्या भरात मात्र लिहीत आहे. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग चालतो, भ्रम चालत नाही.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समसमान. मागच्या खोलीतल्या पेट्या मुलीच्या. त्यांत जमिनीत भोके पाडून काढलेले दगडाचे दांडे खोलीनुसार ओळीने लावले आहेत. ती त्यांना "आईचे सोटे" म्हणते. खुशाल म्हणू दे, पण फेकू नये.

२. बँकेतील ठेव मुलीलाच. मुलाने आपला वाटा आगाऊच मागून घेतला आणि काकाच्या नव्या बोगद्यात घातला. मी नको म्हणत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

३. हातोडी आणि भिंग मुलाला. लहानपणी त्याने भिंगातून मुंग्या पाहिल्या, दगड एकही नाही.

४. खाणीचे व्यवस्थापक, म्हणजे माझे दीर, यांना हे कलम.

भाऊजी, खडकातली आपली धातूची शीर वरच्या अंगाला शिशाची, त्या शिशातच चांदी, आणि खाली उतरावे तसे तांबे. मध्येच एके ठिकाणी जमीन तुटून सरकली आहे, तिथे शीर सुरी फिरवल्यासारखी संपते. पुढचा तुकडा कुठे गेला हे तुटलेली कडाच सांगते, कारण सरकताना ती त्या बाजूला ओढली जाते. मागच्या खोलीतल्या आपल्या दांड्यात ती डावीकडे ओढलेली होती. मालकाच्या पाहुण्यांना चकाकी दाखवायला तुम्ही नेमका तोच तुकडा उचललात, आणि परत ठेवताना खालचे टोक वर केलेत. तेव्हापासून डावे ते उजवे झाले, आणि त्यावरून तुम्ही नवा बोगदा उजवीकडे काढलात. शेजारच्या तुकड्याशी त्याची कड जुळत नाही, फिरवला की चपखल बसते. मी हे दाखवायला बोलावले, तर तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणालात, "वहिनी, उभा जन्म खाणीत गेला माझा. मला काय एक दगड जागेवर ठेवता येत नाही?"

नाही येत.

५. नुसती चांदी हुकली असती तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. पण उजवीकडे पूर्वीच्या लोकांनी तांब्यासाठी पोखरलेली पोकळी आहे, आणि ती पाण्याने तुडुंब भरली आहे. परवा मुलाचे कामाचे कपडे धुताना बाह्यांवर हिरवट-निळे डाग दिसले. कोऱ्या खडकातून असे पाणी येत नाही. असे डाग तांब्याच्या जुन्या पोकळीत वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्याचे. विचारले, तर म्हणाला, "थोडं गळतंय गं आई. सोमवारी सुरुंग लावला की कळेलच." कळेल तर! मला रात्रीची झोप नाही, आणि हे काका-पुतणे माझ्यासमोर बसून चहा ढोसतात.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. हे तसे वाचू नये. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून मी मुद्दाम दिरांनाच साक्षीदार केले आहे. त्यांनी प्रत्येक कलम वाचून, आज आणि माझ्यासमोर, सही करावी. सोमवारी माझा मुलगा खाली उतरला, तर पहिल्या कलमातले अर्धे घर घ्यायला कोणी उरणार नाही. मला तो हवा आहे. शीर गेली खड्ड्यात.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. दिवस: शनिवार, दुपार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिली, डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला आहे. (सही)

साक्षीदार दुसरे, दीर: सर्व वाचले. दगड मी उलटा ठेवलेला नाही. सोमवारी कोणीही खाली उतरणार नाही. (सही)