तिले गोड देऊ नका

माय,

तुले जाऊन वर्ष होत आलं, पण इतके दिवस मी तुह्याशी मनातल्या मनातही बोलली नाई. रागच होता तेवढा! आज लिहून राह्यली, कारण काल अहेरीच्या दवाखान्यात बाबालेही शुगर निघाली आणि डॉक्टरनं त्याले तुहीच गोळी लिहून देली. तीच, पांढरी, बारकी.

त्या गोळीची तू किती सेवा केलीस गं! डॉक्टर म्हणे जेवणाआधी घ्या, तर तू मोहफुलं वेचायले अंधारात निघतानाच घ्यायची. आणि जेवण कुठी? शिदोरी सुटायची ती टोपली भरल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर. पोटात कण नाई आन् गोळी आपलं काम करून राह्यली! शिळ्या भाताचे चार घास खाऊन निघाली असती तर जंगल का पळून जात होतं? पण नाई. "खात बसलं तं फुलं गाई खातेत," म्हणे.

तू गेली तो दिवस बाबा साऱ्यायले सांगते. तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही बुद्धवंदना संपल्याबरोबर सुरू झाला. तुले घाम सुटला, हात कापाले लागले, काहीबाही बोलाले लागली. मोहाखाली बसली आणि टोपलीतली गोड फुलं मुठीनं तोंडात कोंबू लागली. तुह्या अंगाले समजलं होतं माय, काय पायजे ते! आणि बाबा ओरडला, "शुगर वाढली हिची! तिले गोड देऊ नका!" तुह्या तोंडात बोट घालून त्यानं फुलं काढली. बायकायनं तुहे हात धरले. शेजारच्या काकूनं टोपलीच दूर नेऊन ठेवली. किती जीव लावते ना लोकं!

चावली काऊन नाई तू त्याच्या बोटाले? जन्मभर त्याचं ऐकलं. तेवढ्या एका सकाळी नसतं ऐकलं तर काय बिघडत होतं?

दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली. मी भद्रावतीहून पोचली तेव्हा तू गेली होती. डॉक्टरनं मले एकटीले आत बोलावलं. "शुगर वाढली नव्हती, एकदम उतरली होती. लगेच काही गोड पोटात गेलं असतं तर वाचल्या असत्या." बाहेर बाबा तुह्या चपला छातीशी धरून बसला होता. मले पाहून म्हणे, "पोरी, एक कण गोड जाऊ देलं नाई मी." मी त्याच्या हातून चपला घेतल्या आणि डॉक्टरचं म्हणणं माह्यापाशीच ठेवलं.

काल नर्सबाईनं त्याले नीट समजावलं. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाई, घाम सुटला, हात कापले तर लगेच साखर खायची. बाबा हसला. "शुगरवाल्याले साखर? येडी झाली का बाई?" घरी आल्यावर मी त्याच्या बंडीच्या खिशात गुळाचा खडा टाकला, तर त्यानं तो बोकडाले चारला! मोहाचा हंगाम लागला आहे. परवापासून तोही गोळी गिळून तसाच निघणार. मी घसा बसेपर्यंत सांगितलं. शेवटी वैतागला. "गोडानं माणूस वाचत असन, तं तुह्या मायले मीच मारलं का मंग?"

हसत हसत बोलला गं. उत्तर पायजेच नव्हतं त्याले.

वर्षभर जपलं मी त्याले. अजून जपलं तर तोही जाते. खरं सांगू? त्याले सांगताना मले थोडं बरंही वाटेल. तो लोकांसमोर छाती फुगवून सांगते ना, ते तरी बंद होईल. रडेल, अन्न सोडेल, माह्याशी जन्मभर बोलणार नाई. न बोलो. जिता राहिला पायजे.

म्हणून तुले शब्द देऊन राह्यली. उद्या सकाळी त्याच्यासमोर भाताचं ताट ठेवीन, गोळी माह्या मुठीत धरीन, आणि त्यानं जे हसत विचारलं त्याचं उत्तर देईन.

हो बाबा, म्हणीन.

तुही लेक,
सुजाता