भर उन्हाळ्यातली मोजणी

तीर्थस्वरूप ताईस,

कुंपणाच्या अलीकडून साष्टांग नमस्कार (वाकताना गुडघा वाजला, तो तिकडे ऐकू आला असेल). तब्येत बरी असावी, कारण काल तू एकटीने गादी उन्हात घातलेली दिसली. हाकेच्या अंतरावर राहून पत्र लिहावं लागतंय, कारण दोन महिने तू माझ्याशी बोलत नाहीस. मीही बोलत नाही, पण ते केवळ तुझं बघून.

तुला माहीतच आहे, तलावाच्या काठावर जो तो आपली भिंत घालायला लागला, तेव्हा तलाव सगळ्यांचा राहावा म्हणून समिती नेमली आणि तीस वर्षं लोकांचे बांध मोजणारा मोजणीदार म्हणून मला तिच्यात घेतलं. नियमाचा मसुदा माझाच: पाण्यापासून पंधरा पावलांच्या आत कोणीही भिंत घालू नये. सभेत टाळ्या पडल्या. (आठवडाभर त्या माझ्या कानात होत्या.) पाणी कोणत्या महिन्यातलं, ते तेवढं लिहायचं राहिलं. समितीला मी सांगितलं, विसरलो. विसरलो नव्हतो. भर उन्हाळ्यात पाणी आटून पार मध्यावर गेल्यावर मी पंधरा पावलं मोजली, वर सोळावं दानधर्म म्हणून टाकलं आणि गवंड्याला बोलावलं. पुढे तलाव भरला आणि माझी भिंत निम्मी पाण्यात उभी राहिली.

भोग घरातूनच सुरू झाले. काठाची पायवाट भिंतीने अडली, त्यामुळे पोहणारे, मासे धरणारे, पाय मोकळे करायला निघालेले, सगळे आता आमच्या अंगणातून जातात. एक ओलेते गृहस्थ तर रोज दारात थबकून तुझ्या भावजयीला भाजी लागत असल्याची वर्दी देतात. लोकांची वाट अडवू नये हेही मसुद्यात मीच घातलेलं, त्यामुळे हाकलायला तोंड नाही.

परवा तलाव कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हटलं, यांना मोजणीतल्या चार गोष्टी शिकवाव्यात. भिंत जमिनीवरच आहे हे पटवायला मी भिंतीवर चढलो, नकाशा उलगडला, वारा आला आणि नकाशासकट पलीकडे गेलो. दोघा मासे धरणाऱ्यांनी मला काखेत धरून बाहेर काढलं. बाईंनी वहीत काही टिपून घेतलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही आत्ता ज्या जमिनीतून वर आलात, तिचा गट नंबर काय?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच मला नंबर आठवला नाही.

जाताना त्यांनी तक्रार दाखवली. खाली तुझी सही. लाट माझ्या भिंतीवर आपटून वळते आणि तुझा काठ खाते. सहा हात गेला म्हणे. सोमवारी सुनावणी आहे. तू तक्रार मागे घेतलीस तर प्रकरण मिटेल, नाहीतर भिंत पाडावी लागेल. शेवटी बहीणच ती, नाही म्हणणार नाही, असं घरात मत पडलं. तेव्हा कृपा करून तक्रार मागे घ्यावी. झालं गेलं गंगेला मिळालं (खरं तर तलावाला, आणि तेही तुझ्याच वाट्याचं).

तुझा धाकटा भाऊ

ता. क. शेवटचा परिच्छेद तुझ्या भावजयीने मागे उभं राहून लिहून घेतला. आता ती अंगणात कुणाशी तरी भांडायला गेली आहे.

आणखी ता. क. तक्रार मागे घेऊ नकोस. तुझा बसायचा बाक पाण्यात गेला, त्या सकाळी मी पडवीत उभा होतो. तू एकटी काठीने तो ओढत होतीस. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. त्याची मला फार लाज वाटते, ताई. भिंत आपणहून पाडायची हिंमत माझ्यात नाही. समिती हसेल, घरात बोलणी बसतील आणि मी पुन्हा दार लावून घेईन. पण वरून लेखी हुकूम आला की तो मुकाट्याने पाळायची मला तीस वर्षांची सवय आहे. तेवढा हुकूम मला मिळवून दे.