माझ्या सहीसाठी थांबलेली ट्रॉली

गुरुवार, संध्याकाळ

आज सकाळी एका लोखंडी ब्रॅकेटवर खडूने खूण केली आणि पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनपासून त्याच्यामागे चालत राहिलो. माल कुठे घडतो आणि कुठे नुसता थांबतो, ते कागदावर उतरवायचं होतं. वेल्डिंगपर्यंत सगळं झटपट झालं. मग मालाची ट्रॉली माझ्या तपासणीच्या टेबलाशी येऊन थांबली. मीही घड्याळ बघत तिच्याशेजारी उभा! कोण उशीर करतंय, म्हणून चिडलेला.

वेल्डिंगच्या सुनंदाताई हसल्या. "भाऊ, वाट कुणाची बघताय? सही तर तुमचीच लागती. देवच दर्शनाच्या रांगेत उभा राहिला की!"

तेव्हापासून तेच डोक्यात. एकदा ग्राहकाकडून खराब माल परत आला, तेव्हा ही सही मीच सुरू केली. आता ताई प्रत्येक नग गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, तपासतात. मी तेच पुन्हा बघतो. मालाची काळजी, की माझा मान? सही गेली तर चाकणच्या या कारखान्यात मला विचारणार कोण? पण पांडुरंगापुढे खोटं कसं बोलू? कागदावर सगळ्यात जास्त वेळाचा थांबा माझाच आहे.

दुपारी व्यवस्थापकांना तो कागद दाखवला, त्यांचा होकार घेतला आणि तपासणीच्या फॉर्मवरून माझ्या सहीचा रकाना काढून टाकला.